‘सगळे लहान आणा, एकत्र सोडा, जमतं’: खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीविषयीच्या लोकप्रिय सल्ल्याला उत्तर

खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडायला निघालेल्या माणसाला हा सल्ला कुठून ना कुठून मिळतोच. शब्द बदलतात, आशय तोच राहतो: ‘सव्वाशे लिटरची टाकी पुरे. आधी चार-पाच डॅमसेल सोडा, ते काटक असतात, टाकी सायकल करून देतात, म्हणजे पाणी माशांना राहण्याजोगं करतात. मग क्लाउनफिशची जोडी आणि तिच्यासाठी अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्री प्राणी), एक निळा टँग, एक मँडरिन, आणि रोगराई होऊ नये म्हणून एक क्लीनर रास. सगळे लहान आणा. लहानपणापासून एकत्र वाढले की भांडत नाहीत आणि टाकीपेक्षा मोठेही होत नाहीत. दुकानात एकाच टाकीत होते ना? मग घरीही जमेल.’

या यादीतला प्रत्येक मासा सुंदर आहे आणि जवळपास प्रत्येक वाक्यात अर्धं सत्य आहे. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण तो जसाच्या तसा पाळला, तर पहिल्या वर्षातच बहुतेक मासे मरतात, आणि त्याचं खापर पाण्यावर किंवा नशिबावर फोडलं जातं.

‘दुकानात एकत्र होते, घरीही जमेल’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचा सल्ला त्याच्याच आधारावर उभा आहे. दुकानातल्या टाकीत बहुधा दगड नसतात, कपारी नसतात, मासे दाटीवाटीने असतात आणि काही दिवसांत विकले जातात. हक्क सांगावा अशी जागाच तिथे नसते. प्रवासाने थकलेला, नीट खात नसलेला मासा भांडणात ताकद घालवत नाही. तोच मासा घरी आला, पोटभर खाऊ लागला आणि त्याला एक कपार सापडली की आठ-दहा दिवसांत तिच्या तोंडाशी पहारा सुरू होतो. दुकानात दिसली ती शांतता जागा नसल्यामुळे होती. घरी जमेल की नाही, याचा त्यावरून काहीच अंदाज येत नाही.

‘डॅमसेल टाकी सायकल करून देतात’

सायकल जिवाणू करतात, मासे नाही. माशाच्या उत्सर्जनातून अमोनिया निघतो, जिवाणूंचा एक गट त्याचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट. डॅमसेलचं काम काय, तर अमोनिया पुरवणं आणि तो सहन करणं. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 असतो. पीएच 7 असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियाचा जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या सुमारे दहापट इथे असतो. त्यामुळे गोड्या पाण्यात निभावून जाणारी चूक इथे कल्ले जाळते. काटक मासा त्यातून वाचतो, याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नाही.

माशाशिवाय सायकल करणं सोपं आहे आणि स्वस्तही. टाकीत लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेले समुद्री दगड) किंवा कोरडे दगड रचा, पाण्याची घनता 1.025 आणि तापमान 25-26 अंश ठेवा, कोरडे दगड असतील तर बाटलीतले जिवाणू टाका. मग शुद्ध अमोनियम क्लोराइडने अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत न्या. 100 लिटर पाण्याला साधारण पाऊण ग्रॅम लागतं, पण एकदम टाकू नका, टेस्ट किटने मोजत वाढवा. सुवासिक किंवा साबणाचा अंश असलेला घरगुती अमोनिया मुळीच वापरायचा नाही. एवढा डोस दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार. याला बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर साचलेला नायट्रेट उतरवायला अर्ध्याहून अधिक पाणी बदला, आणि मगच पहिला मासा.

डॅमसेलची खरी किंमत मात्र सायकल संपल्यावर कळते. पहिला आलेला मासा सगळी टाकी आपली मानतो, आणि डॅमसेलचा स्वभाव मुळातच हद्द राखण्याचा. डोमिनो डॅमसेल दुकानात दोन-तीन सेंटिमीटरचा, काळाभोर, कपाळावर आणि दोन्ही कुशींवर पांढरा ठिपका असा देखणा दिसतो. तो 13-14 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, रंग मळकट करडा होतो आणि ठिपके पुसट होतात. वाढत जातो तो फक्त तापटपणा. तीन पट्ट्यांचा डॅमसेल आकाराने लहान, पण वृत्ती तीच. नंतर आणलेल्या प्रत्येक माशाचे पर हे दोघे फाडतात. त्यांना बाहेर काढायला जाळी घेऊन बसलं तर ते दगडांत शिरतात, आणि शेवटी सगळी रचना मोडावी लागते. त्याआधी एक उपाय करून पाहा: पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून ते उलटं आत बसवा, आत थोडं खाद्य ठेवा, आणि माशांना एक दिवस उपाशी ठेवून सापळा तळाशी ठेवा. अधाशी डॅमसेल बहुधा सगळ्यांत आधी आत जातो.

डॅमसेल हवाच असेल, तर निळ्या अंगाचा आणि पिवळ्या शेपटीचा यलोटेल त्यातल्या त्यात सौम्य. सात सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. एकच घ्यावा आणि सर्वांत शेवटी सोडावा. त्याच्याशेजारी विकला जाणारा ‘ब्लू डेव्हिल’ही असाच निळा असतो, तो मात्र नावाला जागतो. हिरव्या क्रोमिसचा थवा शांत समजून घेतला जातो. लहान टाकीत मात्र तो हळूहळू एकेकाने कमी होतो: वरचढ मासा सर्वांत दुबळ्याला छळतो, तो गेला की पुढच्याला, आणि सहाचे दोन-एक उरतात.

‘मासा टाकीएवढाच वाढतो’

वाढत नाही तो आजारी मासा. निळा टँग तीन-चार सेंटिमीटरचा विकला जातो आणि 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. त्याला लिटरपेक्षा लांबी महत्त्वाची. सतत पोहणारा मासा आहे, 180 सेंटिमीटरपेक्षा आखूड टाकीत तो फक्त वळत राहतो. पिवळा टँग 20 सेंटिमीटरचा, त्यालाही 120 सेंटिमीटर लांब आणि चारशे लिटरच्या आसपासची टाकी लागते. सव्वाशे लिटरच्या टाकीत दगड आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी जेमतेम शंभर लिटर उरतं. दोन्ही टँगच्या शेपटीच्या बुडाशी चाकूच्या पात्यासारखा काटा असतो, आणि कोंडलेला टँग तो वापरतो.

टँग लहान टाकीत सहसा पहिला बळी ठरतो तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. हा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या अंगावर काही दिवस काढतो, मग गळून पडतो आणि दगड-वाळूवर कोश करतो. काही दिवसांनी, कधी कधी कित्येक आठवड्यांनी, कोश फुटून पोहणारी पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडावाच लागतो. समुद्रात बहुतेकांना तो सापडत नाही. शंभर लिटरमध्ये मासा पळून जाणार कुठे? प्रत्येक फेरीत परजीवींची संख्या वाढत जाते. ‘आता लहान आहे, मोठा झाला की मोठी टाकी घेऊ’ हे म्हणणारे बरेच असतात. मोठी टाकी आज घरात नसेल, तर टँगही आज घरात नको.

‘रोगासाठी क्लीनर रास, रंगासाठी मँडरिन’

या दोन माशांशी कोणी भांडत नाही. ते उपासमारीने मरतात. मासे एकमेकांना जमतात का हे पाहताना अन्नाचा हिशेब बहुतेक जण विसरतात, म्हणून इथे जरा थांबतो.

क्लीनर रास समुद्रात दिवसभर असंख्य माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. चार-पाच माशांच्या टाकीत त्याला तेवढं खाद्य मिळणं शक्य नाही. शिवाय पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली बसतो, क्लीनरच्या तोंडाला तो लागत नाही. म्हणजे औषध म्हणून आणलेला मासा औषधाचं कामही करत नाही आणि जगतही नाही. रोगाचा बंदोबस्त वेगळ्या टाकीत करायचा: चाळीसेक लिटरचं पाणी, हीटर, आधीच जिवाणू बसलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आणि प्रत्येक नवा मासा निदान चार, जमल्यास सहा आठवडे तिथे. तांब्याचं औषध द्यावं लागलं तर ते याच टाकीत. मुख्य टाकीत ते कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मारतं.

मँडरिन दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, एकेक करून दिवसभर टिपतो. नव्या टाकीत ते असतात मूठभर, आणि काही आठवड्यांत संपतात. मासा टिपण्याची हालचाल करत राहतो, म्हणून मालकाला वाटतं की खातोय. खरी खूण वरून आणि बाजूने पाहिल्यावर दिसते: डोक्यामागचा भाग खोल जातो, पोट आत ओढलं जातं. ही अवस्था दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. टाकी निदान वर्षभर चाललेली, लाइव्ह रॉकने भरलेली आणि कोपेपॉड खाणारा दुसरा मासा नसलेली असेल तरच तो विचारात घ्यावा. सहापट्टी रास हा त्याचा थेट स्पर्धक आहे, आणि लहान टाकीत तो इतरांनाही जाच करतो. पैदास केंद्रातले काही मँडरिन गोठवलेलं खाद्य खातात. विकत घेण्याआधी तो खाताना डोळ्यांनी पाहा.

‘क्लाउनला अ‍ॅनिमोन लागतोच’

लागत नाही. समुद्रात अ‍ॅनिमोन त्याला शत्रूपासून वाचवतो, टाकीत शत्रू नाही. अ‍ॅनिमोनला मात्र तीव्र प्रकाश आणि स्थिर, मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीत तो सरकत जाऊन पॉवरहेडमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंपात) अडकतो, आणि चिरडला तर सगळं पाणी नासवतो. सर्वांत सहज मिळणारा बबल-टिप अ‍ॅनिमोन हा ऑसेलारिस क्लाउनचा नैसर्गिक यजमानही नाही. कधी दोघांचं जुळतं, कधी क्लाउन त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही.

‘लहानपणापासून एकत्र, म्हणजे भांडण नाही’

क्लाउनबाबत हे अर्धं खरं आहे. सगळे क्लाउन जन्मतः नर असतात. दोघांतला वरचढ मासा मादी होतो, दुसरा नर राहतो. म्हणून एक मोठा आणि एक लहान असे दोन पिल्लू क्लाउन घ्यावेत, जोडी आपोआप ठरते. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरतो, ती शरणागती आहे, घाबरू नका. तीन घेतले तर जोडी ठरल्यावर तिसऱ्याला मार बसतो, मग ते कितीही लहानपणापासून एकत्र असोत. मरून क्लाउन या टाकीत नकोच, तो बराच मोठा आणि तापट असतो.

बांगाई कार्डिनलचंही तसंच. पिल्लांचा थवा गोजिरवाणा दिसतो, वयात आल्यावर एक जोडी उरते. जोडी किंवा एकटा, एवढेच पर्याय.

सर्वांत जास्त भांडण होतं ते सारख्या अंगलटीच्या आणि एकाच प्रकारच्या जागी राहणाऱ्या माशांत. रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक हे ठळक उदाहरण. दोघेही पुढून जांभळे, मागून पिवळे, दोघेही कपारीत राहणारे. ग्रामात जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरत जातो, डोळ्यातून एक काळी रेघ जाते आणि पाठीच्या परावर पुढे काळा ठिपका असतो. डॉटीबॅकमध्ये दोन रंगांची सीमा सुरीने कापल्यासारखी सरळ असते. ग्रामा नवशिक्यासाठी उत्तम, डॉटीबॅक शेजाऱ्यांच्या जिवावर उठणारा. दुकानात हे दोन्ही एकमेकांच्या नावाने विकले जातात, म्हणून सीमा पाहूनच घ्या.

तोंडात मावेल तो घास, हा नियम वेगळा सांगायला नको. लायनफिश आणि लहान मासे एकत्र ठेवायचे नाहीत, हॉकफिश आणि लहान कोळंबीही नाही.

मग सव्वाशे लिटरमध्ये काय ठेवावं?

एक फायरफिश, एक पिवळा वॉचमन गोबी, एक रॉयल ग्रामा आणि ऑसेलारिस क्लाउनची जोडी. फायरफिश मधल्या पाण्यात तरंगतो, गोबी वाळूवर, ग्रामा कपारीत, क्लाउन एक कोपरा धरून. जागेवरून वाद कमी होतो. पाच मासे ही या टाकीची वरची मर्यादा समजा. पहिले तीन झाल्यावर नायट्रेट लिटरला 20-25 मिलिग्रॅमच्या खाली टिकत असेल तरच क्लाउनची जोडी.

क्रम हाच ठेवा: भित्रा आधी, हक्क सांगणारा शेवटी. प्रत्येकात दोन-तीन आठवड्यांचं अंतर, म्हणजे जिवाणूंनाही वाढत्या भाराशी जुळवून घेता येतं. फायरफिश घाबरला की उडी मारतो, त्यामुळे पाच-सहा मिलिमीटरच्या जाळीचं झाकण पहिल्या दिवसापासून हवं, तारांच्या फटीसुद्धा बुजवलेल्या.

नवा मासा थेट मोकळा सोडू नका. भोकं पाडलेली पारदर्शक पेटी टाकीत लटकवून त्याला तीन ते पाच दिवस तिथे ठेवा. जुने मासे पहिल्या दिवशी पेटीला धडका देतील, मग त्यांचा रस ओसरेल. पाचव्या दिवशीही धडका चालूच असतील तर पेटी उघडायची नाही. सोडण्याआधी जुन्यांना पोटभर खायला घाला, दिवे बंद करा, दोन-चार दगड हलवा म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. पुढचे काही दिवस खाद्य टाकीच्या दोन टोकांना टाका.

पहिल्या 48 तासांत थोडा पाठलाग होणारच. परांच्या कडा किंचित कुरतडल्या तरी त्या भरून येतात. मासा पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्याला चिकटून राहिला, कल्ले भराभर हलू लागले किंवा दोन दिवस खाल्लं नाही, तर मात्र वेगळं करायची वेळ झाली. अशा वेळी पेटीत मार खाणाऱ्याला न घालता मारणाऱ्याला घाला आणि आठवडाभर तिथेच खायला द्या. तेवढ्यात दुसऱ्याला कपार सापडते, आणि मारकुटा बाहेर येतो तेव्हा टाकीत नवा आलेला तो असतो.