डिमेलोचा ॲपॉस्ट्रॉफी

पुण्यातल्या माझ्या मावसभावानं परवा फोनवर ठणकावून सांगितलं, "ताई, आम्ही फॉर्ममध्ये ॲपॉस्ट्रॉफी टाकूच देत नाही. एसक्यूएल इंजेक्शनचा विषयच संपला. बाकीचे लाड तुझ्या डब्लिनमध्ये, इथे शुक्रवारी डिलिव्हरी असते." तेव्हापासून माझं डोकं तापलंय. एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे फॉर्मच्या रकान्यात माहितीऐवजी डेटाबेसला द्यायचा हुकूम घुसवणं. ॲपॉस्ट्रॉफी (') तिथे मजकूर संपल्याची खूण ठरतो, म्हणून भावाचा त्याच्यावर राग.

डिलिव्हरी मलाही असते. पण इथे डब्लिनमध्ये ॲपॉस्ट्रॉफी बंद केला तर ओब्रायन, ओकॉनर, ओनील यांना स्वतःचं नावच लिहिता येणार नाही; इंग्रजीत त्यांच्या ओ-नंतर ॲपॉस्ट्रॉफी असतो. मी इथे नवी असताना माझा कोड पहिल्याच आठवड्यात परत आला होता: नाव क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला पाठवायच्या आज्ञेत, चिकटवू नकोस, तिथे प्रश्नचिन्ह ठेव, नाव वेगळं पाठव. प्रिपेअर्ड स्टेटमेंट ते हेच. डेटाबेस क्वेरीचा सांगाडा आधी समजून घेतो. मागून काहीही आलं तरी तो नुसता मजकूर राहतो, त्याचा हुकूम होत नाही. भावाच्या गाळणीतून मात्र आकड्याच्या रकान्यात '१ ऑर १=१' (म्हणजे 'किंवा एक बरोबर एक', ही नेहमीच खरी ठरणारी अट) बिनदिक्कत आत जातं. त्याला ॲपॉस्ट्रॉफी लागतोच कुठे?

मी त्याला ब्रिटनमधल्या टॉकटॉक या फोन-इंटरनेट कंपनीचं उदाहरण दिलं. त्यांनी २००९ साली विकत घेतलेल्या टिस्काली कंपनीची जुनी वेबपानं तशीच राहिली होती. २०१५ मध्ये त्यांतून, याच वाटेनं, दीड लाखाहून जास्त ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी ४ लाख पौंड दंड झाला.

"म्हणजे तिकडेही होतंच की!"

"होतं. पण जाब विचारला जातो. आता तुमच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातसुद्धा २५० कोटींपर्यंत दंड आहे."

"तुमच्या?" त्यानं तेवढंच पकडलं. मला उत्तर सुचलं नाही.

रात्रभर ते 'तुमच्या' डोक्यात राहिलं, कारण तसला फॉर्म मीही लिहिलाय. २००८, हिंजवडी. शेजारच्या खुर्चीत वसईचा डिमेलो बसायचा. इंग्रजीत त्याच्या नावात डी-नंतर ॲपॉस्ट्रॉफी. चाचणीत त्यानं स्वतःचं नाव टाकलं आणि पडद्यावर एरर आली. क्वेरी कच्ची आहे, हे तिथेच कळायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, "ते चिन्ह काढून लिही ना." त्यानं मुकाट्यानं काढलं.

डब्लिनमध्ये आजवर एकाही ओब्रायनला मी तसं सांगितलेलं नाही.