टॅबलेटला कीबोर्ड जोडला की लॅपटॉप होतो का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या की एक संदेश दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. लिहिणारा कोण हे कळत नाही. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे मात्र तेच राहतात. मुलांना छोटा लॅपटॉप घेऊन देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. त्याऐवजी टॅबलेट घ्यावा आणि त्याला ब्लूटूथ कीबोर्ड जोडावा, म्हणजे निम्म्या किमतीत लॅपटॉपच हाती येतो. तो हलका असतो, दिवसभर चालतो, त्यात व्हायरस शिरत नाही, आणि आता सगळी कामे ॲपवर व क्लाउडवर होत असल्यामुळे विंडोजची गरज उरलेली नाही, असे त्यात सांगितलेले असते. मी साताऱ्यात संगणक टंकलेखनाचा वर्ग चालवतो. या संदेशावर विसंबून केलेली खरेदी जून ते ऑगस्टच्या दरम्यान माझ्या टेबलावर येते आणि तिच्यासोबत "सर, यात मराठी कसं टाइप करायचं?" हा प्रश्नही येतो. म्हणून हे सविस्तर उत्तर लिहावेसे वाटले.

आधी निम्म्या किमतीचा हिशेब पाहू. मार्च २०२५ मध्ये आलेला ॲपलचा ए१६ चिपचा साधा आयपॅड भारतात ३४,९०० रुपयांना निघाला. त्याच्यासाठी कंपनीनेच बनवलेल्या मॅजिक कीबोर्ड फोलिओची किंमत २४,९०० रुपये आणि पडद्यावर लिहिण्याच्या यूएसबी-सी जोडणीच्या पेन्सिलची ७,९०० रुपये होती. बेरीज होते ६७,७०० रुपये. त्याच महिन्यात एम४ चिपचा १३ इंची मॅकबुक एअर ९९,९०० रुपयांना आला. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन वस्तूंची तुलना केली तरी हे प्रमाण निम्म्याचे नसून दोन तृतीयांशांच्या आसपासचे आहे. शिवाय त्या ६७,७०० रुपयांपेक्षा बऱ्याच कमी पैशांत साधा विंडोज लॅपटॉप येतो. स्वस्त अँड्रॉइड टॅबलेट आणि हजार-दीड हजारांचा कीबोर्ड घेतला तर रक्कम खरोखर निम्म्यावर येते, हे मान्य. पण मग तुलना तळच्या टॅबलेटची आणि मधल्या लॅपटॉपची होते. टॅबलेट तळचा घ्यायचा असेल तर त्याच्यासमोर लॅपटॉपही तळचाच ठेवायला हवा, आणि त्या पायरीवर दोन्ही वस्तू सारख्याच रडवतात.

वजनाचा मुद्दा नुसत्या टॅबलेटपुरता खरा आहे. २०२० सालचा १२.९ इंची आयपॅड प्रो सुमारे ६४० ग्रॅमचा होता, पण मॅजिक कीबोर्ड लावला की ते वजन १,३०० ग्रॅमच्या पुढे जात असे, तर एम२ चिपचा मॅकबुक एअर १,२४० ग्रॅमचा आहे. स्वस्त कीबोर्ड हलके असतात खरे, पण त्यांची अडचण वेगळी आहे. टॅबलेट ज्या पातळ कडीच्या आधाराने उभा राहतो, तिला टेबलाचा सपाट पृष्ठभाग लागतो. वर्गासाठी पुसेगावहून एसटीने येणारा एक मुलगा हे करून बघत असे: टॅबलेट मांडीवर, कीबोर्ड त्याच्या पुढे, आणि गतिरोधक आला की टॅबलेट मागे कलंडून शेजारच्याच्या डब्यावर. लॅपटॉपची बिजागरी ही मांडीवर काम करता यावे म्हणूनच बनलेली गोष्ट आहे, हे आपण सवयीने विसरलो आहोत. बॅटरीबाबत मात्र संदेश बराचसा बरोबर आहे. आयपॅड २०१० साली आला तेव्हापासून कंपनी दहा तासांचा आकडा सांगत आली आहे आणि स्वस्त विंडोज लॅपटॉपला आजही तो सहसा गाठता येत नाही.

आता टंकलेखनाकडे वळतो, कारण संदेशातला सर्वांत फसवा भाग इथे आहे. "कीबोर्ड जोडला की टायपिंग तेच" हे इंग्रजीपुरते जवळजवळ खरे आहे. मराठीत तसे नाही. टॅबलेटवर मराठी लिहिणारी बहुतेक मुले पडद्यावरच्या कीबोर्डवर रोमन अक्षरे दाबतात आणि वर येणाऱ्या पर्यायांतून मराठी शब्द निवडतात. बाहेरचा कीबोर्ड जोडला की ती पर्यायांची पट्टी तशीच राहील याची खात्री नसते. ते मॉडेलवर आणि अँड्रॉइडच्या आवृत्तीवर अवलंबून असते. गेल्या वर्षी वर्गात आलेल्या एका मुलीने नवा कोरा कीबोर्ड जोडला आणि "सातारा" लिहायला गेली, तर पडद्यावर रोमन अक्षरेच उमटली. सेटिंगमध्ये तासभर शोधूनही तिच्या टॅबलेटवर बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठीची मांडणी सापडली नाही. शेवटी ती कीबोर्ड बाजूला ठेवून बोटाने काचेवर लिहू लागली. म्हणजे ज्या वस्तूमुळे टॅबलेटचा लॅपटॉप होणार होता, तीच पिशवीत गेली.

याउलट विंडोजमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची प्रमाण) मांडणी कित्येक वर्षांपासून आतच आहे आणि २०१९ पासून उच्चारानुसार लिहिण्याचा फोनेटिक कीबोर्डही आहे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात, त्यामुळे एकदा बोटे बसली की लेखनाला एक लय येते. आमच्या गावाच्या नावाचीच परीक्षा घ्यावी. "साताऱ्याला" या शब्दात जो अर्धा, चंद्रकोरीसारखा र आहे, तो मराठीत पदोपदी लागतो. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे दाबले की ऱ मिळतो, मग डी दाबून हलंत आणि तिरक्या रेषेच्या कळीवर य. तीन ठोक्यांत काम होते. रोमनवरून मराठी करणाऱ्या पुष्कळ सोयींत त्या जागी रफार चढतो आणि "सातार्याला" असे उमटते, जे मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खड्यासारखे खुपते. (समाजमाध्यमांवर "दुसर्या" आणि "पुढार्यांनी" यांचे जे पीक आले आहे, त्याचे एक मूळ या सोयींत आहे असे माझे मत आहे.) हा केवळ शुद्धलेखनाचा सोस नव्हे. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द असा मागितला जातो, त्याची परीक्षा संगणकावर होते, आणि काचेवर कमावलेला वेग तिथे उपयोगी पडत नाही.

"आता सगळे ॲपवर होते" हा पुढचा दावा. वाचणे, पाहणे, ऐकणे, निरोप पाठवणे आणि पैसे भरणे एवढ्यालाच "सगळे" म्हणायचे असेल तर तो खरा आहे. पण दुसऱ्या कोणी ठरावीक साच्यातली फाइल मागितली की चित्र बदलते. वर्डचे मोबाइल ॲप आणि संगणकावरचे वर्ड यांचे नाव एक असले तरी ती एकच वस्तू नव्हे. दोनशे पालकांना नावानिशी पत्रे काढायचे मेल मर्ज टॅबलेटवरच्या ॲपमध्ये नाही. एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा, तिथे चालत नाहीत, त्यामुळे मॅक्रोवर उभ्या असलेल्या करविवरणाच्या एक्सेल फायलीही तिथे निरुपयोगी ठरतात. त्यात आणखी एक मेख आहे. मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार पडदा १०.१ इंचांपेक्षा मोठा असला तर मोबाइल ॲपमध्ये दस्तऐवज नुसता पाहणे फुकट असते, त्यात बदल करायला वर्गणी लागते. लॅपटॉपची जागा घ्यावी म्हणून लोक जो ११ इंची टॅबलेट मुद्दाम घेतात, तो नेमका त्या रेषेपलीकडे पडतो, आणि निम्म्या किमतीच्या हिशेबात ही वर्गणी कोणीच धरलेली नसते. गुगल डॉक्स फुकट आहे आणि चांगलेही आहे. मात्र महाविद्यालयाने दिलेला वर्डचा नमुना त्यात उघडून परत पाठवला की तक्त्यांच्या रेषा आणि समास जागचे हलतात, हे प्रकल्प अहवाल सादर केलेल्या कोणालाही विचारावे.

शाखेनुसार ही अडचण वाढत जाते. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकायचे असते आणि ते विंडोजवर बसते. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आराखडे काढायला सॉलिडवर्क्स लागते, तेही विंडोजवरच चालते. आराखड्यांच्याच ऑटोकॅडची ब्राउझरमधली आवृत्ती आहे, पण ती पूर्ण ऑटोकॅड नव्हे. छपाईच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्याला कोरलड्रॉ लागते आणि पुण्यात तयार झालेल्या श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड ही सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटांतला मजकूर हाताळावा लागतो, जो टॅबलेटवर उघडला की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. ग्रामपंचायतीच्या निविदा भरणाऱ्या ठेकेदाराची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते आणि ती उमटवण्याची सगळी व्यवस्था संगणक गृहीत धरून बनवलेली असते. यावर उत्तर येते की दूरच्या संगणकाला जोडून टॅबलेटवरून हे सगळे करता येते. येते, पण त्यासाठी आधी एक संगणक कुठेतरी चालू असावा लागतो.

खुद्द टॅबलेट बनवणाऱ्या कंपन्यांची वाटचालही या दाव्याच्या बाजूने साक्ष देत नाही. ॲपलच्या २०१७ सालच्या जाहिरातीत आयपॅड घेतलेली मुलगी "कॉम्प्युटर म्हणजे काय?" असे विचारत होती. त्यानंतर आयपॅडला माउस चालू लागला, कीबोर्डला ट्रॅकपॅड आले, आणि आयपॅडच्या २०२५ सालच्या आयपॅडओएस २६ या कार्यप्रणालीत हव्या त्या आकाराच्या खिडक्या आणि वरची मेन्यूपट्टीही आली. सॅमसंगने २०१८ मध्येच आपल्या टॅबलेटवर डेक्स नावाने डेस्कटॉपसारखा पडदा दिला होता. टॅबलेट हळूहळू लॅपटॉपच्या सवयी उचलतो आहे, याचा अर्थ त्या सवयींची गरज संपलेली नव्हती.

व्हायरसबद्दल थोडक्यात. टॅबलेटवर प्रत्येक ॲप आपापल्या चौकटीत बंदिस्त असल्यामुळे धोका कमी असतो, हे खरे; परंतु सध्या लोकांचे पैसे जातात ते मुख्यतः खोट्या लिंकमुळे, ॲप बसवणाऱ्या फसव्या एपीके फायलींमुळे आणि सांगून टाकलेल्या ओटीपीमुळे, आणि या गोष्टींना टॅबलेट अडवत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळणार हा आहे. २०१९ सालच्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४ सालची आयपॅडओएस १८ मिळाली, ही चांगली कामगिरी आहे. स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटच्या खोक्यावर असे कोणतेही वर्ष छापलेले नसते, आणि विक्रेत्याला विचारले तर तो पडद्याचा आकार सांगतो.

हे सगळे वाचून टॅबलेट घेऊच नये असा माझा आग्रह आहे असे कोणी समजू नये. नागपूरची महाज्योती ही संस्था जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅबलेट देते, ते योग्यच आहे, कारण त्या मुलांचे काम व्याख्याने पाहणे, प्रश्नसंच सोडवणे आणि पीडीएफ वाचणे हे आहे. दोन वर्षांत त्यांच्याकडे कोणी वर्डची फाइल मागत नाही. गणिताची टिपणे पेनाने उतरवणारा विद्यार्थी, पक्षकाराची कागदपत्रे चाळून त्यांवर खुणा करणारा वकील, वाढवलेल्या अक्षरांत वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, चित्रकलेची विद्यार्थिनी, या सर्वांना लॅपटॉपपेक्षा टॅबलेटच अधिक उपयोगी आहे. माझ्याकडेही एक आहे. वर्गातल्या मुलांचे उतारे मी त्याच्यावर तपासतो. मात्र उतारे तयार करतो ते संगणकावर. त्यामुळे खरेदीला निघालेल्या पालकांना मी एवढेच विचारतो की, येत्या तीन वर्षांत मुलाकडे फाइल कोण मागणार आहे आणि ती कोणत्या प्रकारची असेल. पालकांना बहुधा ते ठाऊक नसते, पण त्याच शाखेतल्या दुसऱ्या वर्षाच्या कोणत्याही मुलाला ते पाठ असते.

संदेशातला लॅपटॉपविषयीचा राग मात्र निराधार नाही. दुकानांत "विद्यार्थ्यांसाठी" म्हणून जे छोटे लॅपटॉप मांडलेले असतात, त्यांतले काही खरोखरच पैसे पाण्यात घालणारे असतात. ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठा ही विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान मर्यादा आहे, म्हणजे यंत्र जेमतेम सुरू होईल एवढीच हमी. त्यावर विंडोजचा एखादा मोठा अपडेट आला की जागा उरत नाही आणि मुलगा फोटो पुसत बसतो. असा लॅपटॉप किंवा टॅबलेट एवढेच दोन पर्याय असतील तर मीही टॅबलेटच सुचवीन. २०२३ साली १६,४९९ रुपयांना आलेले, ९९० ग्रॅमचे रिलायन्स जिओचे जिओबुकही ४ जीबी आणि ६४ जीबीचेच होते. त्यात विंडोज नव्हते, त्यामुळे ते लॅपटॉपच्या आकाराचे असले तरी कामाच्या दृष्टीने टॅबलेटच्याच पंक्तीत बसते.

संदेशाचा शेवट "जुना लॅपटॉप तर चुकूनही घेऊ नका" असा असतो, आणि तिथे माझा सर्वांत स्पष्ट मतभेद आहे. कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप बऱ्याचदा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा मजबूत असतात, त्यांच्या कळा दाबताना मिळणारी खोली बोटांना सुखावते, आणि पुष्कळ मॉडेलांत मेमरी व एसएसडी (फायली साठवणारा भाग) बदलता येते. घेताना इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आहे ना हे पाहावे, कारण त्याआधीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ला मिळणारी नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. बॅटरी किती उरली आहे ते दुकानातच तपासून घ्यावे, मेमरी किमान ८ जीबी असावी, आणि चार्जर मूळचा आहे का ते विचारावे. कीबोर्ड पिशवीत टाकून काचेवर लिहिणाऱ्या त्या मुलीने दिवाळीनंतर असाच एक १४ इंची लॅपटॉप घेतला. टॅबलेट तिने विकला नाही. त्यावर ती आता उतारा उघडून शेजारी उभा करते आणि टाइप लॅपटॉपवर करते.