बोटाखाली मावेल एवढं

कॉलेजात असताना दोन वर्षं मी एका अंध मैत्रिणीची लेखनिक होते. परीक्षेत ती सांगायची, मी लिहायचे. एरवी मी पुस्तक वाचून दाखवायचे आणि ती मांडीवर ब्रेलची पाटी घेऊन टकटक टिपणं काढायची. एक दिवस तिने ती पाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आज तू लिही, मी वाचते."

ही पाटी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या. वरच्या पट्टीत ओळीने छोट्या छोट्या खिडक्या, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. मध्ये जाड कागद अडकवायचा आणि टोच्याने टोचत जायचं. मी तक्ता समोर ठेवून, डावीकडून उजवीकडे, मन लावून एक शब्द टोचला. तिने कागद काढला, उलटा केला, बोट फिरवलं आणि पहिल्याच अक्षरावर थांबली. मी 'ह' काढला होता, तिच्या बोटाला 'ज' लागला. टोचलेले ठिपके कागदाच्या पलीकडच्या बाजूला उठतात. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसेल तसं. कागद उलटला की सगळं सरळ. ती हे रोज करत होती, सर भराभर शिकवत असताना, त्यांच्या वेगाने. आणि मी इतके दिवस शेजारी बसून मला त्याचा पत्ताच नव्हता.

"तुला आधी सांगायला हवं होतं," असं म्हणून तिने माझा हात धरून उजव्या टोकाच्या खिडकीवर नेऊन ठेवला.

हा प्रसंग गेले काही दिवस पुन्हा पुन्हा आठवतोय. थोर माणसांबद्दल आपण जे बोलतो, भाषणात सांगतो, मुलांच्या निबंधात लिहून देतो, त्यात आपण त्यांच्या हालअपेष्टांवरच फार रेंगाळतो असं मला वाटायला लागलंय. किती गरिबी होती, किती अपमान झाले, किती रात्री जागून काढल्या. हे सगळं खरं असतं, आणि त्याबद्दल आदर वाटायलाच हवा. पण हाल पुष्कळांनी सोसलेले असतात. त्यातल्या काहींनी आपल्याला सुचलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्याही हातात देता येईल इतकी सोपी करून ठेवली. मला नतमस्तक व्हावंसं वाटतं ते इथे.

लुई ब्रेलचंच बघा. जन्म १८०९, फ्रान्समधलं कूव्रे नावाचं गाव. वडील घोड्यांचं खोगीर आणि साज शिवणारे. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या आरीशी खेळताना ती डोळ्यात घुसली, जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची नजर गेली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढची जास्त महत्त्वाची आहे, आणि ती आपण दोन वाक्यांत उरकतो.

दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला. तिथे पुस्तकं होती. नेहमीचीच रोमन अक्षरं, मोठी करून कागदावर उठवलेली. मूल एकेक अक्षर चाचपत जायचं. शेवटचं अक्षर येईपर्यंत पहिलं विसरायला व्हायचं. त्याहून वाईट म्हणजे ही अक्षरं मुलांना स्वतःला लिहिता येत नव्हती. डोळस माणसाने तयार केलेलं जेमतेम वाचायचं, बस. घरी पत्र लिहायचं तरी दुसऱ्याच्या हाताने.

शार्ल बार्बिये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उठावदार ठिपक्यांची एक पद्धत तयार केली होती. कल्पना चांगली, पण एका खुणेला बारापर्यंत ठिपके, आणि खुणा उच्चारांच्या, अक्षरांच्या नव्हेत. त्यामुळे शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत. बारा ठिपके एका बोटाखाली मावतही नाहीत. बोट वर-खाली फिरवावं लागतं. ही अडचण डोळस माणसाच्या लक्षात आली नाही. ती ज्याच्या बोटाला जाणवली त्या मुलाने ठिपके निम्म्यावर आणले. सहा. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन. बोटाचं पेर टेकवलं की आख्खं अक्षर एका स्पर्शात कळतं. १८२४ साली ही लिपी जवळजवळ तयार होती तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पहिलं पुस्तक १८२९ सालचं. तो उत्तम ऑर्गन वाजवायचा, म्हणून त्याच ठिपक्यांत त्याने संगीताची लिपीही बसवली.

सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट खुणा होतात. तेवढ्यात जगातल्या कितीतरी भाषा मावल्या. आपली मराठीही. मैत्रिणीने शिकवलं तेव्हा मला याचं फार नवल वाटलं होतं, की 'कि' लिहिताना आधी 'क' आणि त्यानंतर 'इ'. वेलांटीचा डोळ्यांना दिसणारा घोळ बोटाला नाहीच.

त्याच्या शाळेत मध्यंतरी या लिपीवर बंदी आली. मुलं ती लपूनछपून शिकत राहिली, एकमेकांना शिकवत राहिली. ब्रेल १८५२ साली क्षयाने गेला, आणि शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. ही दोन वर्षांची चुटपुट आहेच. तरी मला त्या मुलांचंच जास्त वाटतं. बंदी असताना लिपी टिकली, कारण ती एकदा मुलांच्या हाती पडल्यावर पुढे चालायला ब्रेलची गरज उरली नव्हती. कागद, टोचा आणि शिकलेला एक मित्र, एवढं पुरत होतं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक वरिष्ठ होते. हुशार, मेहनती, प्रामाणिक. त्यांच्याशिवाय विभागात पान हलत नसे, आणि सगळे हे कौतुकाने सांगत. मीसुद्धा. ते निवृत्त झाले आणि पुढचे कित्येक महिने आम्ही अक्षरशः चाचपडत होतो. कुठली गोष्ट कशी करायची हे त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, लिहून ठेवलं नव्हतं. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण "त्यांच्याशिवाय पान हलत नाही" हे वाक्य मी तेव्हापासून कौतुक म्हणून वापरलेलं नाही.

आता डॉ. दिलीप महालनबीस. हे नाव प्रत्येक घरात माहीत असायला हवं होतं. १९७१ साल, बांगलादेशचं युद्ध, लाखो निर्वासित सीमा ओलांडून आलेले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ. कॉलऱ्यात माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे, कधी कधी काही तासांत. त्यावर उपचार ठरलेला होता: शिरेतून सलाइन. पण त्यासाठी बाटल्या लागतात, सुया लागतात, शीर शोधणारा सराईत हात लागतो. रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले, आणि सलाइन संपत आलेलं.

पाण्यात मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असेल तर कॉलऱ्यातही आतडं ते शोषून घेतं, कारण ग्लुकोज स्वतःबरोबर मिठातलं सोडियम आत ओढतं आणि मागोमाग पाणी जातं. हे शास्त्र महालनबीसांचं एकट्याचं नव्हतं. ढाका आणि कोलकात्यात साठच्या दशकात त्यावर काम झालं होतं, पण ते रुग्णालयात, नीट देखरेखीखाली. छावणीतल्या गोंधळात ते चालेल का, याची बहुतेक डॉक्टरांना खात्री नव्हती. महालनबीसांनी ठरवलं, की आता हेच. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात वजन करून पाकिटं भरली, छावणीत पाण्यात कालवली. लोकांना भरवसा वाटावा म्हणून नाव दिलं 'ओरल सलाइन'.

आणि ते पाजायचं कुणी? आईने. भावाने. नवऱ्याने. शेजारी बसलेल्या कुणीही. तहान लागेल तितकं द्या, देत राहा. सुरुवातीला तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. या उपचारावर ठेवलेल्या रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आलं.

मला त्या छावणीतल्या एखाद्या आईची कल्पना येते. आतापर्यंत ती मुलाकडे बघत नुसती बसून होती, डॉक्टरची वाट बघत. आता तिच्या हातात भांडं आहे आणि घोट घोट पाजायचं काम तिचं आहे. उपचार करणाऱ्यांची संख्या एका दिवसात किती पटींनी वाढली असेल! महालनबीस २०२२ साली वारले आणि पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. इतका उशीर का झाला असेल? मला वाटतं मीठ-साखरेच्या पाण्यात कुणाला बुद्धिमत्ता दिसत नाही. अवघड दिसतं तेच थोर, ही आपली जुनी खोड आहे.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने तर पाकिटाचीही गरज ठेवली नाही. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्यांच्या कार्यकर्त्या एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत गेल्या, प्रत्येक घरी आईसमोर बसून, तिच्याच हाताने ते करवून घेत. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, कार्यकर्तीला पैसे किती मिळणार हे ती किती घरं फिरली यावर ठरत नसे. नंतर दुसरं कुणीतरी जाऊन बघायचं, त्या आईच्या किती लक्षात राहिलंय, आणि त्यावर मोबदला. म्हणजे मोजमाप शिकवणाऱ्याचं नव्हे, शिकणारीच्या हातात काय उरलं त्याचं. मीठ जास्त झालं तर घात होऊ शकतो, म्हणून आयांनी केलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासलेही. "सोपं करणं" म्हणजे वरवरचं करणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

डॉ. व्हर्जिनिया ॲपगारचं नाव बाळंतपणाच्या खोलीत रोज घेतलं जातं. त्या अमेरिकेत भूलतज्ज्ञ होत्या. बाळाच्या हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. त्यांची ही पद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी जन्मलेल्या बाळाकडे सगळे एकाच नजरेने बघतील अशी काही रीतच नव्हती. आता जन्मानंतर एका मिनिटाने कुणीतरी बाळाकडे नीट बघणारच, कारण आकडा लिहायचा आहे. गुण देणारी व्यक्ती बाळंतपण करणारी नसावी, हा त्यांचा आग्रह होता. करणाऱ्याला आपलं बाळ दहापैकी दहाच वाटतं. माणसाचा स्वभाव किती नेमका ओळखला होता त्यांनी!

आणि आपल्याकडे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरी कशी घ्यायची ते शिकवलं, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकड्यांनिशी दाखवून दिलं की त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे एवढंच. पण त्या बायकांवर विश्वास टाकायला जी छाती लागते ती मला त्या आकड्याइतकीच मोठी वाटते.

तज्ज्ञ माणसाला "हे तुम्हालाही जमेल" म्हणणं सोपं नसतं. आयुष्यभर मिळवलेली विद्या, मान, लोकांनी वाट बघत बसणं, हे सगळं त्यात थोडं थोडं सोडावं लागतं. ते ज्यांनी आपणहून सोडलं, त्यांच्याबद्दल मुलांना सांगताना मी आता एक प्रश्न आवर्जून विचारते: या माणसाने जे केलं ते त्याच्यानंतर कोण करू शकलं?

ती मैत्रीण आता स्वतः मुलांना ब्रेल शिकवते. गेल्या आठवड्यात भेटलो तेव्हा तिला विचारलं, तुझ्याबद्दल फेसबुकवर लिहू का? ती काही बोलली नाही. पिशवीतून पाटी काढली, उजवीकडून टकटक केलं आणि कागद माझ्यासमोर सरकवला. मी डोळ्यांनी ठिपके मोजायला लागले, तर म्हणाली, "बघू नकोस, वाच." मग डोळे मिटून बोट टेकवलं. पहिलं अक्षर लागायला फार वेळ गेला. 'ह' होता.

"हो. नाव नको."