परकीय चलनातील धनादेशाबाबत खुलासा
बँका परकीय चलनातील धनादेश नाकारतात, म्हणजे तो रद्दी झाला, असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. असा धनादेश देशांतर्गत समाशोधनात (देशातील बँकांनी आपसांत धनादेश वटवण्याच्या व्यवस्थेत) वटत नसल्याने तो ज्या बँकेवर काढला आहे तिच्याकडे वसुलीसाठी पाठवावा लागतो, त्यात अनेकदा कित्येक आठवडे जातात आणि शुल्कही कापले जाते, म्हणून अनेक बँका ही सेवा देत नाहीत. बँकेने नाकारल्यामुळे धनादेश देणाऱ्याचे देणे संपत नाही. रक्कम लहान असल्यास त्याच्याकडे थेट बँक हस्तांतरण मागणेच शहाणपणाचे. वसुलीआधी खात्यात दिसणारी रक्कम मात्र कृपया अंतिम समजू नये. धनादेश न वटल्यास बँक ती परत घेते आणि दरम्यान विनिमयदर बदलला असल्यास तो फरकही खातेदारालाच सोसावा लागू शकतो.