कॅमेरा जड असतो म्हणे

आमच्या गावात सध्या एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे. कॅमेऱ्याच्या टीममध्ये मदतनीस म्हणून घ्याल का, असे विचारायला आज माझी भाची तिथे गेली, तेव्हा "कॅमेरा जड असतो, तू मेकअपकडे विचार" असे सांगून तिला परत पाठवण्यात आले.

हेच वाक्य मी माझ्या पहिल्या सेटवर ऐकले होते. मी लेन्सची पेटी उचलली, तर एका वरिष्ठाने ती हातातून काढून घेतली आणि नोंदींचे कागद दिले. रात्री फोनवर सांगितले, तेव्हा माय म्हणाली, "आमच्या गाठोड्यापेक्षा जास्त वझं हाय का त्या पेटीत?"

ज्या यवतमाळ जिल्ह्यात वेचणीनंतर बाया कापसाचे 20-25 किलोचे गाठोडे डोक्यावर घेऊन बांधाबांधाने चालतात, तिथे येऊन बाईला वजन पेलत नाही असे म्हणवते तरी कसे? चित्रपटासाठी वापरल्या जाणाऱ्या अलेक्सा मिनी कॅमेऱ्याची नुसती बॉडी अडीच किलोहून हलकी असते. लेन्स, बॅटरी, मॉनिटर चढवल्यावर वजन वाढते आणि खांदा भरून येतो, हे मान्य. पण तो पुरुषांचाही येतो आणि त्यांना कोणी मेकअपकडे पाठवत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ (1913) होत असताना दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडत होत्या, ती धुण्याची रसायने कालवत होत्या, प्रकाश वळवायला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत होत्या आणि वर सगळ्या युनिटला जेवूही घालत होत्या. तरीही देशातल्या पहिल्या महिला छायालेखिका मानल्या जाणाऱ्या बी. आर. विजयालक्ष्मी यांना स्वतंत्रपणे कॅमेरा सांभाळायला चित्रपट मिळेपर्यंत 1985 उजाडले. एवढ्या वर्षांत वजन कमी झाले, सबब मात्र तीच राहिली.

त्या पेटीचा राग अजून जात नाही, कारण कोणती लेन्स कधी लागते, फोकससाठी अंतर कसे मोजतात, हे सारे पेट्या वाहतानाच कळते. पेटी काढून घेतली की शिकणेच काढून घेतले जाते. पुढे दुसऱ्या एका युनिटच्या छायालेखकांनी काही न विचारता पेटी माझ्याकडे सरकवली. त्या माणसाबद्दल आजही मन भरून येते, कारण माझे काम तिथून सुरू झाले.

रात्रीची कामे, राहण्याची सोय, परतीची गाडी या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या युनिटने सोडवायच्या आहेत. विदर्भात चित्रीकरणाला येणाऱ्या मित्रांनो, कॅमेरा विभागात गावातली एक तरी मुलगी घ्या, तिला पेटी उचलू द्या आणि मुलांना देता तेवढेच मानधन द्या.