सुट्टी नक्की कुणाची?

आमच्या वाचणाऱ्यांच्या ग्रुपवर आज एकाने 'द अवेकनिंग' वाचून मेसेज टाकला, नवरा बिचारा शहरात राबतोय, बाई समुद्रावर हवा खातेय, तरी हिचं रडगाणं! खाली हसण्याच्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं माझं.

केट शोपॅनची ही कादंबरी १८९९ची. न्यू ऑर्लिन्सची पैसेवाली कुटुंबं उन्हाळ्यात ग्रँड आयलला जायची, नवरे आठवडाभर शहरात आणि शनिवार-रविवार बेटावर. मग रिसॉर्टवर उरलं कोण? बायका, पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या आया. जागा बदलली, ड्युटी तीच. कादंबरीची नायिका एडना पाण्यावरून येते तर नवरा म्हणतो केवढी रापलीस, आणि बघतो असा की जणू किमती वस्तूला पोचा आलाय. ती न बोलता हात पुढे करते, तो खिशातून तिच्या अंगठ्या काढून तिच्या तळहातावर टाकतो. बस, एवढंच. मी तिथेच अडकले.

कारण मला आई दिसली. गुहागरला आम्ही सगळे पाण्यात आणि ती वाळूत, मांडीवर बाबांचं घड्याळ, काकांचं पाकीट, शेजारी चपलांचा ढीग, त्यात कुणीतरी ओरडतंय भेळ आण गं.

आणि हो, एडनाचा नवरा मारत-बिरत नाही, शहरातून खाऊचा डबा पाठवतो, बायका म्हणतात असा नवरा मिळायला नशीब लागतं! हाच माणूस रात्री हॉटेलातून बिलियर्ड्स खेळून येतो, झोपलेल्या बायकोला उठवतो, पोराला ताप आलाय, तुझं लक्ष कुठंय? ताप नसतोच. हा सिगार संपवून ढाराढूर, ती बाहेर बसून रडतेय, डास फोडून काढतायत. ही तुमची हवा खाणं!

बरं, पोरं सांभाळणाऱ्या मिश्रवर्णीय आयाला कादंबरीत साधं नावही नाही, हे मान्य. खटकतंच ते.

पण एडना पोहते ना, तो भाग वाचा राव. उन्हाळाभर सगळ्यांनी शिकवूनही न जमलेलं एका रात्री अचानक जमतं, एकटीच आत आत जाते, घाबरते, परत येते आणि सांगते मरतेय असं वाटलं. नवरा काय म्हणतो? फार लांब नव्हतीस, माझं लक्ष होतं. समुद्रातसुद्धा लक्ष!

आईला मघाशी फोन केला, विचारलं तुला तेव्हा पाण्यात यावंसं वाटलं नाही का गं. म्हणाली, "वाटून काय करू, ओली साडी बदलायला आडोसा कुठे होता?"

बाबांनी सुरूच्या झाडामागे टॉवेल गुंडाळून बदललं होतं.