कुरडईचं आवर्तन

रविवारपासून सोसायटीत माझं नाव 'कुरडईवाले' पडलंय. काल लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी, ज्यांच्याशी आजवर मी 'कितवा मजला?' यापलीकडे बोललेलो नाही, हसत हसत विचारलं, "काय, वाळल्या का?" त्यांच्या कडेवरचं पोरगंही हसलं. त्याला अजून दात आलेले नाहीत, म्हणजे कुरडईशी त्याचा दूरान्वयानेही संबंध नाही, तरी हसलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक फोटो आहे. फोटोत मी गच्चीवर उकिडवा बसलोय, पाठमोरा, हाफ पँटीत. दोन्ही हातांत सोऱ्या. बनियन जिथे संपायला हवं त्याच्या बरंच आधी संपलेलं. खाली मजकूर: 'आधुनिक पतिराज! मॅडम नशीबवान!!' आणि पुढे जोडलेले हात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी येणार नसल्याच्या बातमीलाही इतके अंगठे पडले नव्हते.

कुरडया मी का करत होतो? मला आवडतात म्हणून. एवढंच उत्तर आहे आणि ते अजून एकालाही पुरलेलं नाही.

होळी होऊन गेली की पुढचे काही शनिवार-रविवार मी कोणाला देत नाही. लग्न असलं तर आहेर पाठवतो. नाशकात त्या दिवसांत सकाळी नऊपर्यंत हवा गार असते, दहानंतर ऊन करकरीत होतं आणि घाम म्हणाल तर नावाला नाही. गॅलरीतला मोगरा जानेवारीत छाटल्याचा राग विसरून कळ्या धरायला लागतो. जास्वंदीवर मात्र पिठ्या ढेकूण. कळीच्या देठाशी पांढरी पूड साठलेली दिसते, ती पूड नसतेच, तिला पाय असतात. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक देठ घासत बसायचं, आणि हे करताना मुंग्यांशीही वैर घ्यायचं, कारण ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. मग माळ्यावरची ट्रंक खाली काढायची, तिच्यातलं सगळं सामान बघायचं आणि तेच सामान त्याच ट्रंकेत भरून ती वर ठेवायची. दुपारी हरभऱ्याची डाळ भरड वाटून त्यात कैरीचा कीस, वर हिंग-मोहरीची फोडणी. पेलाभर पन्हं. झोप. यात कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

पण आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काका राहतात.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. माणूस निवृत्त झाला की खातं सुटतं अशी माझी समजूत होती. पावसाळ्यात गंगापूर धरणाची टक्केवारी त्यांच्याकडे पेपरच्या आधी पोचलेली असते. माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांकडे ते लाभक्षेत्र म्हणून बघतात. मी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर. मोगऱ्याला पाणी जरा जास्त झालं आणि त्यांच्या कठड्यावर ठिबकलं की खालून आवाज येतो, "विसर्ग कमी करा!" एकदा घरी चहाला आले तेव्हा कुंड्यांची रांग तपासून म्हणाले, "तुमचं आवर्तन चुकतंय. हेडच्या कुंड्या पाणी ओढतात, टेलची तुळस बघा, कोरडी." (आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी; हेड म्हणजे कालव्याचं तोंड, टेल म्हणजे शेपूट.) आता जायकवाडीला पाणी सोडायचा विषय निघाला की काका कडवे नाशिककर, वरच्या धरणातून खाली थेंब सोडू नये या मताचे. आमच्या इमारतीत मात्र ते स्वतःच खाली आहेत, आणि तरीही त्यांना पाणी नको आहे. समन्यायी वाटपाचा असला पेच वरच्या-खालच्या धरणांच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीपुढेही आला नसेल.

असो. गहू गुरुवारी भिजत घातले होते. रोज पाणी बदलायचं असतं, आणि तिसऱ्या दिवशी घराला असा आंबूस वास सुटतो की मुलीने मैत्रिणींना 'आमच्याकडे नको, तुमच्याकडे भेटू' असं कळवून टाकलं. शनिवारी संध्याकाळी गहू वाटले, फडक्यातून गाळून चीक रात्रभर ठेवला. पहाटे वरची निवळ ओतून दिली, खाली घट्ट पांढरा थर. जितका चीक तितकंच पाणी, मीठ, हिंग. आई सिन्नरला असते, ती फोनवर होती. "गुठळी होऊ देऊ नको. हात थांबवू नको. आणि कोणाशी बोलत बसू नको." तिसरी सूचना मला त्या वेळी अंधश्रद्धा वाटली.

इथे ज्यांनी कुरडई फक्त तळलेली पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. चीक गरम असेपर्यंत सोऱ्यातून सुरेख उतरतो. निवला की अडतो, आणि मग पैलवान आणला तरी दांडी हलत नाही. म्हणजे कुरडई घालणाऱ्याच्या हातात वेळ अगदी बेताचा. काकांच्या हातात अमाप. ते रोज सकाळी गच्चीवर चकरा मारतात आणि फोनमध्ये त्याची नोंद ठेवतात.

"काय चाललंय?"

"कुरडया."

"कोण करतंय?"

समोर प्लास्टिकवर ओल्या कुरडयांची पहिली रांग, माझ्या हातात सोऱ्या, आणि गच्चीवर माझ्याखेरीज फक्त पाण्याची टाकी. "मीच," म्हटलं.

"नाही, म्हणजे मॅडम कुठे आहेत?"

"खाली. पेपर वाचतायत."

काका थांबले. चकरांची साखळी तुटलेली त्यांना चालत नाही, तरी थांबले. जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"उत्तम आहे."

"मग काही बोलाचाली...? नाही, होतं संसारात. मी आपलं विचारलं."

मी जोर लावून एक वेटोळं पूर्ण केलं. पातेल्यावरचं झाकण मी सारखं सारखं बघत होतो. त्यांनीही बघितलं, आणि उघडलं. वाफ गेली.

"शनिवार-रविवार सुट्टी ना तुम्हाला," ते झाकण हातात धरून म्हणाले. "त्याचे हे उद्योग."

हे जुनं दुखणं आहे. राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. काका त्याआधीच निवृत्त झाले. त्यांच्या अख्ख्या नोकरीत दुसरा आणि चौथा शनिवार, बस्स. उरलेल्या शनिवारांचा हिशेब त्यांनी सरकारकडे न मागता माझ्याकडे लावलाय. बदल्यात आम्ही रोज पावणेदहा ते सव्वासहा बसतो, हे मी त्यांना मागे सांगून पाहिलं होतं. "बसता ना," म्हणाले होते, "बसताच."

"काका, तेवढं झाकण..."

"हो, हो. पण तुमचा विसर्ग एकसारखा नाहीये हो. हे बघा, इथे जाड, इथे बारीक. सुरुवातीला जोर लावता आणि शेवटी सोडून देता. ही टेलची कुरडई बघा, हिला माल पोचलाच नाही." असं म्हणून त्यांनी खरोखरच चपलेच्या टोकाने, प्लास्टिकला न लागेल इतक्या अंतरावरून, त्या बिचारीकडे निर्देश केला. मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "चीक आहे का हो जास्तीचा? आमची आई वाटीत गरम चीक द्यायची, वर कच्चं तेल. अहाहा."

मी म्हटलं, आहे, पण वाटी नाही. मला वाटलं विषय संपला. काकांनी खिशातून फोन काढला आणि नातवाला लावला. "वाटी, चमचा आणि तेलाची बुधली घेऊन गच्चीवर ये. लिफ्टने ये." नातू येईपर्यंत ते पातेल्याशेजारी उभे, झाकण हातातच. नातू आला, त्याने स्टीलची वाटी आणली, काकांनी 'काचेची का नाही आणलीस' म्हणून त्याला परत पाठवायचं मनात आणलं आणि सुदैवाने सोडून दिलं. पहिली वाटी त्यांनी डोळे मिटून खाल्ली. दुसरी डोळे उघडे ठेवून, माझ्या हातांकडे बघत. दुसरी संपल्यावर म्हणाले, "मीठ कमी आहे."

तोवर सोऱ्या अडकला होता. दांडी पुढेही जाईना, मागेही येईना.

"गेट जाम झालं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं समाधान मी कधी ऐकलं नव्हतं. "थांबा. तसेच बसा."

मला वाटलं, येतायत मदतीला. दांडीला दुसरी बाजू असते, तिथे एका माणसाचा हात बसतो. मी तसाच बसलो. त्यांनी फोटो काढला.

तेवढ्यात बायको वर आली, गरम पाण्याचं भांडं घेऊन, कारण बराच वेळ खालून आवाज ऐकत असल्याने काय झालं असेल हे तिला कळलं होतं. काकांनी तिला नमस्कारच केला. "मॅडम, नशीब काढलंत!"

"हो ना," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, तेव्हा ह्यांचं नशीब कोणी काढलं नव्हतं."

काका क्षणभर विचारात पडले. "त्या होय? त्या माझ्या ट्रॅकमध्ये येत होत्या."

आणि हे खरं आहे. मागच्या वर्षी याच गच्चीवर, याच प्लास्टिकवर ती तळपत्या उन्हात पळीपळीने पापड्या घालत होती. काका तिच्या बाजूने चकरा मारत होते आणि दर चकरेला 'जरा तिकडे सरकवा, पाय पडेल' एवढंच म्हणत होते. फोटो नाही, मजकूर नाही, जोडलेले हात नाहीत. आई सिन्नरच्या वाड्यात पहाटे चूल पेटवायची. आळीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा फिरायच्या, आणि दुपारी प्रत्येकीचा घरचा स्वयंपाक असायचाच. आम्हा पोरांना कावळ्यांच्या राखणीला बसवत, आणि कावळ्यांच्या दुप्पट ओल्या कुरडया आम्हीच खायचो. संध्याकाळी वडील येऊन डब्यात डोकावून विचारायचे, "एवढ्याच?" तिच्या मनगटाला चैत्रभर तेल चोळलेलं मला आठवतं. मी एका सकाळी सोऱ्या फिरवला तर गावभर नमस्कार. कौतुक नको असं म्हणणारा मी कोण, मलाही ते गोडच लागतं. पण ते घेताना बायकोच्या तोंडाकडे बघवत नाही, आणि परत करायचं म्हटलं तर त्याचं खातं कुठे आहे कळत नाही.

रात्री ग्रुपवर सेक्रेटरींची सूचना आली. 'गच्ची ही सर्व सभासदांची सामायिक जागा असून तेथे खाद्यपदार्थ वाळविल्यास कबुतरांचा उपद्रव वाढतो. तरी सभासदांनी नोंद घ्यावी.' त्याच सामायिक जागेवर कोणाची तरी चाक नसलेली सायकल आहे, बंद पडलेल्या डिश अँटेना आहेत, आणि एकतीस डिसेंबरला जे काही होतं त्याचे ग्लास आहेत, ते कबुतरांना चालतात. सूचनेखाली पहिलं 'सहमत' काकांचं. दोन वाट्या चीक पोटात असताना. मी 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०' उघडून बसलो. त्यात कुरडईला मनाई नाही. शोधून पाहिलं. हे ग्रुपवर टाकावं म्हणून टाइपही केलं, पण बायको म्हणाली, "पाठवू नकोस. त्या वाळल्या आहेत की नाहीत तेवढं बघ."

वाळल्या. मनात भीती होती ती अवकाळीची, पण तो या खेपेला चुकला. कडकडीत वाळलेल्या कुरडया डब्यात भरताना तळाशी चुरा आणि तुकडे उरतातच. त्यांचं काय करावं हा प्रश्न होता, तेवढ्यात दार वाजलं. काकांचा नातू, हातात रिकामा डबा. आजोबांचा निरोप: 'आठ-दहा द्या, मीठ खरंच कमी होतं का ते तळून बघतो.'

मी डबा भरून दिला. अर्ध्या तासाने खालून, गॅलरीतून, आवाज आला.

"अहो, हे सगळे तुकडेच आलेत!"

मी मोगऱ्याला पाणी घालत होतो. झारी जरा तिरकी केली आणि वाकून सांगितलं, "काका, टेलला एवढंच पोचतं."